उतरवलेलं शेत

तार्सिहनं जन्मात तांदूळ विकत घेतला नव्हता, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. दुकानात मीठ नाहीतर साबण घ्यायला गेली आणि शेजारची बाई तांदूळ घेताना दिसली, की ही मुद्दाम पोत्यात हात घालायची, चार दाणे तळव्यावर फिरवायची आणि विचारायची, "कुठला गं हा? शिजतो तरी का?" बायका चिडायच्या. चिडणार नाहीत तर काय! पण तोरा मिरवायला तिच्याकडे दुसरं होतं तरी काय? नवरा सुहांदा कौलांच्या भट्टीवर, ती साच्यावर, एकुलती लेक लिलिस लांब शहरात शिवणाच्या कारखान्यात. आईकडून आलेला कालव्यालगतचा तो एक तुकडा आणि त्यातून येणारा वर्षभराचा भात, एवढीच तिची श्रीमंती.

आमच्या जातीवांगीच्या बाजूला माती विकली असं कोणी म्हणत नाही. शेत उतरवलं म्हणतात, ताप उतरवावा तसं. सुरुवात अशी झाली, की काही शेतं कालव्यापेक्षा जराशी उंच होती आणि त्यांच्यात पाणी चढेना. मग कुणीतरी अक्कल लढवली. कुदळीच्या दांड्याएवढी माती खणू द्यायची, ती हाजी मस्तूरच्या जेबोरवर जाते, म्हणजे कौलांच्या कारखान्यात, आणि शेत खाली गेलं की पाणी आपल्या पायांनी चालत येतं. वर चार पैसेही सुटतात. असा सौदा कोण सोडेल? पण ज्यानं उतरवलं त्याच्या शेतात शेजाऱ्याचंही पाणी झिरपायला लागलं. मग शेजाऱ्यानं उतरवलं, आणि पहिल्यापेक्षा चार बोटं जास्तच. मग पहिल्यानं पुन्हा. एरवी आमची माणसं कशात म्हणून चढाओढ करणार नाहीत. पण खाली जायच्या शर्यतीत एकजात सगळी पुढे.

तार्सिहनं उतरवलं नाही. तीन बाजूंनी शेतं खाली गेली आणि तिचं शेत चौरंगासारखं वर राहिलं. चौथ्या बाजूला, ओढ्याकडे, तिच्या मावसबहिणीचं शेत होतं. इयोह तिचं नाव, विधवा, तार्सिहपेक्षा बरीच लहान. तिच्या शेताला झऱ्याचं पाणी बांबूच्या पन्हळीतून यायचं, त्यामुळे कालव्याशी तिचं देणंघेणं नव्हतं. तार्सिहला मात्र कालव्यातून पत्र्याच्या डब्यांनी पाणी उपसून वर न्यावं लागे. कामावरून आल्यावर नवराबायको दोघं खांद्यावर कावड घेऊन खेपा घालायची. भोवती सगळा चिखल आणि कोरडी जागा ही एकच, म्हणून गावातल्या समस्त उंदरांनी तिच्याच बांधात बिऱ्हाड केलं होतं. पाऊस लागला की बांध ढासळून शेजारच्या अबाह ओमोच्या रोपांवर बसायचा. हा अबाह ओमो म्हणजे गावातला म्हातारा, दोनदा शेत उतरवलेला आणि तोंडानं फटकळ.

"तार्सिह, तुझा बांध परत माझ्या रोपांवर झोपलाय."

"झोपला नाही अबाह. तुम्ही त्याच्या पायाखालची जमीन खाल्लीत."

"मी माझी खाल्ली. तुझी कशाला खाऊ?"

"घराला लागून खड्डा खणायचा आणि घर पडलं की घरालाच शिव्या द्यायच्या. छान!"

"अगं, सगळं गाव खाली आणि तू एकटी वर. नमाजाला सगळे वाकलेत आणि एकच जण ताठ उभा, कसं दिसतं ते?"

"कुणापुढे वाकायचं ते नमाजात ठरलेलं असतं, अबाह. हाजी मस्तूरच्या ट्रकपुढे नाही वाकायचं."

हे उत्तर गावभर झालं. धाकट्या बायका तिला चेउ म्हणत, म्हणजे ताईच. त्या जेबोरवर तिला पुन्हा पुन्हा ते वाक्य म्हणायला लावायच्या आणि हसायच्या. आणि हे सगळं कुठे चाललेलं? त्याच हाजी मस्तूरच्या जेबोरवर. तार्सिह दिवसभर करायची काय, तर साच्यातून निघालेल्या ओल्या कौलाच्या कडा तारेनं कापायची, ओल्या फडक्यानं पुसायची आणि फळीवर मांडायची. म्हणजे अबाह ओमोचं शेत तिच्याच हाताखालून कौल होऊन गेलं होतं. सगळ्या गावाचं गेलं होतं. फक्त आपलं नाही, एवढ्यावर ती ताठ होती. मला तिचं कौतुक वाटायचं आणि कधीकधी हसूही यायचं.

सुहांदा भट्टीत जाळ घालायचा. पूर्वी डोंगरातलं लाकूड यायचं. डोंगर बोडका झाला तेव्हा हाजीनं बुटांच्या कारखान्यातली कात्रणं आणायला सुरुवात केली, रबर, फोम, काय मिळेल ते. गावावर असा काळा धूर बसायचा, की दोरीवरचे कपडे धुतल्यापेक्षा मळके होऊन घरात यायचे. लेक सणाला आली की नाकाला फडकं बांधून स्वयंपाक करायची. सुहांदा म्हणायचा, "आज धूर गोड लागतोय. बायकांच्या चपला दिसताहेत." आणि मग खोकत बसायचा. हसणं आधी संपायचं, खोकला मागून बराच वेळ चालायचा.

एका वर्षी पाऊस उशिरा आला. कालव्यात पाणी होतं, पण तळाशी. तार्सिहची रोपं पिवळी पडली. कावड वाहता वाहता सुहांदा मध्येच बांधावर बसला आणि उठेना.

"कांग, चला," ती नवऱ्याला म्हणाली. "अजून निम्मं शेत राहिलंय."

"माझ्यानं होत नाही आता. छाती बघ, भात्यासारखी वाजतेय."

"मग मी एकटी नेते."

"ने. मरेपर्यंत ने. आणि तू मेलीस की लिलिस येणार आहे का शहरातून डबे वाहायला?" त्यानं श्वास घेतला. "एक सांग. तुला काय पाहिजे? माती पाहिजे की भात पाहिजे?"

आजवर तिला वाटायचं ही दोन्ही एकच गोष्ट आहे.

नाक दाबलं की तोंड उघडतं. सुगी कशीबशी उरकली आणि ती हाजी मस्तूरसमोर जाऊन उभी राहिली. हाजी लवंगेची सिगरेट ओढत चिखल मळायच्या यंत्राजवळ बसला होता. त्यानं तिला चक्क खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"पाक हाजी, शेत उतरवायचंय. पण वरची वीतभर काळी माती माझी. ती आधी काढून कोपऱ्यात रचायची आणि खणून झालं की परत पसरायची. त्यात मी भात लावणार आहे."

"ही तर रीतच आहे, तार्सिह. काळी तुझी, पिवळी माझी."

"रीत आहे ते मला माहीत आहे. पाळली जाते का ते विचारतेय."

हाजीनं छातीवर हात ठेवला. "मक्केला जाऊन आलोय मी. खोटं बोलेन?"

मक्केला जाऊन आलेला माणूस खोटं बोलत नाही असं कुठे लिहिलंय, मला ठाऊक नाही. तिलाही ठाऊक नव्हतं, पण तिनं विश्वास ठेवला. भात लावताना आमच्या बायका अजूनही न्याई पोहाचीला, म्हणजे भाताच्या देवीला, बांधावर अंडं आणि विडा ठेवतात. माती द्यायच्या आधी कुणाला काय ठेवायचं ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. तार्सिहनं तरी सवयीनं एक अंडं ठेवलं. ते खणणाऱ्या पोरांनी खाल्लं.

खणणं काही दिवस चाललं. तिला काम सोडून तिथे उभं राहता येत नव्हतं. एक दिवस आली नाही तर साच्यावर दुसरी बाई बसायची. संध्याकाळी घरी जाताना ती बांधावर थांबायची. कोपऱ्यात तिची माती रचलेली दिसायची, वर नारळाच्या झावळ्या, झावळ्यांखाली काळाशार ढीग. ढीग रोज थोडा वाढलेला असायचा. ती समाधानानं घरी जायची आणि सुहांदाला सांगायची, "हाजी शब्दाचा पक्का निघाला हो."

त्याच दिवसांत जेबोरवर एक चिखल आला तो फारच मऊ होता. तार बुडते कुठे आणि निघते कुठे ते कळत नव्हतं. बायका खूश झाल्या. "लोणी आहे लोणी," तार्सिह म्हणाली. दुपारी मात्र वैतागली, कारण चिखलात बारीक मुळं फार होती आणि प्रत्येक कौलातून ती नखानं ओढून काढावी लागत होती. मुळं राहिली तर भट्टीत जळतात आणि कौलाला भोकं पडतात.

"कुणाच्या शेताची आहे गं ही?" ती ओरडली. "मुळंच मुळं! मालकीण आळशी दिसतेय, धसकटंसुद्धा काढली नाहीत मेलीनं."

सगळ्या बायका हसल्या. तीही हसली.

खणून झालं. ट्रक गेले. सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं नवराबायको काळी माती पसरायला गेली. सुहांदानं झावळ्या बाजूला केल्या आणि ढिगात कुदळ घातली. वरची काळी माती तळहाताएवढ्या जाडीची निघाली. तिच्याखाली पिवळी. त्यानं दुसरीकडे घातली. पिवळी. तिसरीकडे घातली आणि मग कुदळ तशीच रुतलेली सोडून दिली. पिवळ्या मातीच्या ढिगाला काळी माती नुसती थापली होती, केकवर मलई थापतात तशी.

तार्सिह खाली बसली. काळी गेली कुठे, हा प्रश्न तिनं तोंडातून काढला नाही, कारण काढायच्या आधीच तिला उत्तर आठवलं होतं. तिच्या आजीनं, आईनं आणि तिनं राख, शेण, पेंढा घालून पोसलेली माती तिनं स्वतःच्या हातानं तारेखाली कापली होती. तिची मुळं नखानं ओढली होती. आणि मालकिणीला शिव्या दिल्या होत्या. ती रडली नाही. तिला स्वतःच्या हातांची किळस आली. कालव्यावर जाऊन ती कितीतरी वेळ हात धूत बसली.

तशीच तिथून उठून ती हाजीच्या दारात गेली.

"माझी माती परत द्या."

"पोरं नवी होती गं," हाजी म्हणाला. "ट्रक भरायच्या घाईत गेली असेल थोडीफार."

"थोडीफार? ढिगाला वरून रंग लावून ठेवलाय! तोही घाईतच लावला का?"

"आवाज खाली. असं कर, एकदोन वर्षं शेणखत टाक. होईल परत काळी."

"एकदोन वर्षं? माझी आजी म्हातारी होऊन मेली ती काळी करता करता. मला काही ऐकायचं नाही, माती द्या."

"कुठून देऊ? भट्टीत गेली."

आणि भट्टीत घातली कुणी, तर सुहांदानं. दार उघडलं तेव्हा ती खेप वाया गेलेली निघाली. कौलांना भोकं पडलेली, मोडली तर आत काळीठिक्कर, हातात घेतली तर चिरफळ्या. हाजीनं सुहांदाला चार शब्द सुनावले आणि ती सगळी खापरं गावच्या रस्त्यातल्या खड्ड्यांत ओतून टाकली. त्याच रस्त्यावरून मातीचे ट्रक जातात. ज्या मातीत तीन पिढ्यांचा भात पिकला ती एका छपरावरसुद्धा चढली नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती राहिलं धुपाटणं, असं लोक म्हणतात. तार्सिहच्या हाती तेही राहिलं नाही. तिच्या हातात तार होती. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. न जाऊन करणार काय? गावात काम देणारा दुसरा कोण आहे?

पाणी मात्र आलं. तेवढं काही खोटं नव्हतं. कालव्याचं दार उघडलं आणि पाणी खळखळत तिच्या शेतात शिरलं. उघड्या पिवळ्या मातीत तिनं भात लावला. रोपं जगली, पण केसाएवढी बारीक. "आजारी लेकरू आहे, पण आहे ना," ती म्हणायची. शहरातून लेकीनं खताचं पोतं पाठवलं, ते तिनं मुठीमुठीनं घातलं. लोंब्या फुटायच्या बेताला आल्या तेव्हा धो धो पाऊस लागला, आणि मग सगळ्या गावाला एक गोष्ट कळली. पाणी आत कसं येईल, हे इतकी वर्षं ज्यानं त्यानं पाहिलं होतं. बाहेर कसं जाईल, हे एकानंही पाहिलं नव्हतं. कालवा वर, ओढ्याकडची जमीन वर, शेतं खाली. पाणी आलं आणि राहिलं. सगळ्यांचा भात मानेपर्यंत बुडाला आणि कुजायला लागला. वास घरापर्यंत यायचा.

अबाह ओमो फावडं घेऊन बांधावर आला. तार्सिह तिथे आधीच फावडं घेऊन उभी होती.

"माझ्याकडे सोडू नकोस हं पाणी, सांगून ठेवतो."

"तुमच्याकडे जागा आहे का सोडायला? तुमचंच माझ्याकडे आलंय."

दोघांनी पाण्याकडे पाहिलं. भांडायला सुद्धा काही उरलं नव्हतं. म्हातारा बांधावर टेकला आणि ओढ्याच्या बाजूला हनुवटी केली. तिकडे इयोहचं शेत होतं. हातभर उंच, हिरवंगार, लोंब्यांनी वाकलेलं.

"ते एक उतरलं ना," तो म्हणाला, "तर त्यातून चर काढून सगळ्यांचं पाणी ओढ्यात जाईल. ओढा तिच्या अंगाला खोल आहे. मध्ये ती एक धोंड बसलीय."

"धोंड? शेत आहे ते तिचं."

"तू सांग तिला. तुझी बहीण आहे. आणि तुझा शब्द मानतात लोक. तू काही आमच्यासारखी पहिल्या हाकेला उतरवणारी नव्हेस."

"मी नाही सांगणार. जीभ झडली तरी नाही."

त्या वर्षी तार्सिह तांदूळ घ्यायला दुकानात गेली. मुद्दाम भर दुपारी गेली, तरी दोघी बायका होत्याच. त्यांतली एक पोत्याजवळून सरकली, जागा करून दिली आणि म्हणाली, "घे चेउ, शिजतो बरं का चांगला." तार्सिहनं पिशवी पुढे केली. घरी येऊन तिनं तो शिजवला. सुहांदा जेवला. तिनं मिरचीच्या सांबालाबरोबर उकडलेलं केळं खाल्लं. पण असं किती दिवस करणार? हळूहळू तीही तोच भात खायला लागली.

पुढच्या पेरणीची वेळ आली. खड्ड्यात पाणी तसंच होतं, आता त्यात बेडूक आणि जलपर्णी. कुणी म्हणालं मासे सोडा. मासे सोडले, ते भट्टीच्या राखेच्या पाण्यानं पोटं वर करून तरंगले. तार्सिहनं अंगणात खोक्यात रोपं टाकली होती. ती वाढत होती आणि लावायला जमीन नव्हती. रोज कामावरून आली की ती त्या खोक्याशी बसायची. रोपं आता लावली नाहीत तर उपयोग नाही, हे तिला कळत होतं. बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा, एकदम नाही, विचार करून.

एका सकाळी ती इयोहकडे गेली. इयोह ओट्यावर बसून भात निवडत होती. नुकतीच सुगी झालेली, घरात नव्या भाताचा वास. चेउ आली म्हणून तिनं लगेच ताट वाढलं, वाफाळता भात, तळलेली खारी मासळी, सांबाल, कच्च्या शेंगा. तार्सिहनं पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट झालं का?" इयोहनं विचारलं.

"नाही. चांगलं आहे."

इयोह तिच्याजवळ सरकून बसली. "चेउ, बरं झालं आलीस. अबाह ओमो येऊन गेला. मग पाक हाजी पण आला, खुर्चीसुद्धा नको म्हणाला, इथेच खाली बसला. शेत उतरव म्हणतात. गावाचं पाणी निघेल म्हणतात. मला काही कळत नाही. मी म्हटलं, चेउ सांगेल ते करीन. तिनं दोन्ही बाजू बघितल्यात."

तार्सिह घास चावत राहिली. नाही म्हण, एवढं सांगायचं होतं. दोन शब्द. ते सांगायला ती इतकी वर्षं गावात प्रसिद्ध होती. घरी अंगणात रोपांचं खोकं होतं. रोपं पिवळी पडायला लागली होती.

"उतरव," ती म्हणाली. "जास्त नको. चर निघेल एवढंच."

"आणि वरची काळी माती? माझा जीव त्यात आहे गं. तुझं कायतरी झालं म्हणत होते."

"ती आधी काढून कोपऱ्यात रचतात," तार्सिह म्हणाली. "वर झावळ्या घालतात. मी स्वतः बघितलंय."

इयोहचा जीव भांड्यात पडला. तिनं डाव उचलला आणि चेउच्या ताटात आणखी भात वाढला. तार्सिहनं तो सगळा खाल्ला.